फडणीस : पद गेले, नाव उरले

पुण्यातील नानावाडा शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. हा वाडा ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या नानांचे आडनाव कोणते, असे विचारल्यास बहुतेक पुणेकर क्षणाचाही विलंब न लावता 'फडणीस' असे उत्तर देतील. शालेय पाठ्यपुस्तकांत तेच नाव आहे, बेलबागेतील मंदिराचा इतिहास सांगताना तेच नाव येते आणि विजय तेंडुलकर यांच्या 'घाशीराम कोतवाल'मधील नानाही फडणवीसच आहेत. वस्तुतः फडणीस हे नानांच्या कुळाचे नाव नव्हते. त्यांचे घराणे भानू. फडणीस ही त्यांच्या घराण्याकडे आलेली नोकरी होती.

पेशवाई संपून दोनशेहून अधिक वर्षे लोटली. फडणिशी नावाचा हुद्दा तिच्याबरोबर गेला. मात्र, फडणीस हे आडनाव पुणे, नागपूर, बेळगाव, बडोदे, इंदूर अशा सर्वदूर पसरलेल्या घरांच्या दारांवर आजही आहे. एखाद्या हुद्द्याचे आडनाव कसे होते आणि त्या आडनावावरून माणसाविषयी नेमके काय कळते, याचा उलगडा करण्यासाठी या एका नावाचा प्रवास पाहणे उद्बोधक ठरते.

शब्दाची फोड

'फडणीस' या शब्दाच्या शेवटी असलेला 'नीस' हा फारसी 'नवीस' या शब्दाचा झिजलेला अवतार आहे. नवीस म्हणजे लिहिणारा. उर्दू-हिंदीत बातमी लिहिणारा तो खबरनवीस आणि अर्ज लिहून देणारा तो अर्जीनवीस. त्याच घडणीचा आपला फडनवीस.

पहिल्या भागाविषयी दोन मते सांगितली जातात. पहिल्या मताप्रमाणे मूळ शब्द 'फर्दनवीस' असा आहे. फर्द म्हणजे कागदाचा ताव, यादी, नोंदीचे पत्रक. पंजाबात जमिनीच्या नोंदीच्या उताऱ्याला आजही 'फर्द' म्हणतात. आपल्याकडील सातबाराचाच तो भाऊबंद. दुसऱ्या मताप्रमाणे 'फड' हा मराठीतील परिचित शब्दच येथे आहे. फड म्हणजे कामकाजासाठी माणसे जमण्याची जागा. कुस्तीचा फड, तमाशाचा फड, उसाचा फड आणि त्याचप्रमाणे सरकारी कचेरीचा फड. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशात फर्दनवीस या व्युत्पत्तीचा निर्देश आहे. एक परका शब्द मराठी कानांना ओळखीच्या शब्दासारखा वाटला आणि त्याच साच्यात रुळला, असे येथे घडले असणे स्वाभाविक आहे.

फडनवीसचा फडणवीस झाला आणि पुढे 'व' गळून फडणीस राहिला. यात उच्चाराची एक गंमत दडलेली आहे. चिटणीस आणि फडणीस या नावांत 'ण' आहे. पोतनीस, सबनीस, कारखानीस, पारसनीस, वाकनीस या नावांत मात्र 'न' आहे. 'ट' आणि 'ड' उच्चारताना जीभ टाळूकडे वळते आणि पाठोपाठ येणाऱ्या 'न'लाही आपल्याबरोबर ओढून 'ण' करते. पोतनीसातल्या 'त'पुढे किंवा सबनीसातल्या 'ब'पुढे तसे होण्याचे कारण नसते. व्याकरण न शिकलेल्या जिभेनेही हा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला.

'नीस' मंडळींचा हा परिवार मोठा आहे. पत्रव्यवहार पाहणारा चिटणीस, खजिन्याच्या रोकडीचा हिशेब लिहिणारा पोतनीस, हजेरीपट ठेवणारा सबनीस, कोठारातील धान्यसामग्रीचा हिशेब ठेवणारा कारखानीस, जमाबंदीचा हिशेब पाहणारा जमेनीस, फारसी पत्रे लिहिणारा पारसनीस, पागेचा हिशेब ठेवणारा पागनीस. दप्तरातील एकेक टेबलच जणू आडनाव होऊन बसले!

संस्कृत नावे आली, फारसी टिकली

मराठी राज्याच्या कारभारात हे फारसी शब्द आले कोठून, असा प्रश्न साहजिकच पडतो. निजामशाही आणि आदिलशाहीच्या काळात महाराष्ट्रातील दप्तरांना फारसी परिभाषेचे वळण लागले होते. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक करवून घेतल्यानंतर हे वळण बदलण्याचा पद्धतशीर प्रयत्न झाला. 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला आणि शेकडो फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. पेशवा हा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार हा अमात्य, सुरनीस हा सचिव, वाकनीस हा मंत्री, डबीर हा सुमंत आणि सरनोबत हा सेनापती.

वरिष्ठ पदांपुरता हा बदल बऱ्याच अंशी रुजला. त्यातूनही पुढे आडनावे झाली. भोरचे पंतसचिव, बावड्याचे पंत अमात्य ही त्याची ठळक उदाहरणे. भोरच्या घराण्याचे मूळ पुरुष शंकराजी नारायण हे गांडेकर होते; सचिवपद वंशपरंपरेने चालू झाले आणि घराणे पंतसचिव या नावाने ओळखले जाऊ लागले. खालच्या दप्तरांत मात्र जुने फारसी शब्दच चालू राहिले. कारकुनाच्या रोजच्या तोंडी बसलेला शब्द कोशाने सहजी हलत नाही. मुख्य प्रधान असे अधिकृत नाव मिळूनही पेशवे हे पेशवेच राहिले आणि श्रीवर्धनच्या भट घराण्याचे तेच आडनाव झाले, यापेक्षा वेगळा पुरावा नको.

फडणीस करीत काय?

फडणिसाचे काम म्हणजे नोंद. सनदा, नेमणुकीची पत्रे, हुकूम हे फडणिसाच्या दप्तरातून बाहेर पडत आणि इतर खात्यांचे हिशेब त्याच्याकडे येत. कागदावर तारीख पडली की नाही, रकमेचा मेळ बसला की नाही, पूर्वीच्या नोंदीशी तो रुजू आहे की नाही, हे पाहिल्याखेरीज पुढचा व्यवहार होत नसे. 'रुजू' आणि 'शिक्कामोर्तब' हे आज सहज वापरले जाणारे शब्द याच कागदी शिस्तीतून आपल्यापर्यंत आले आहेत.

पुण्यातील पेशव्यांचे हुजूर दप्तर या व्यवस्थेचे केंद्र होते. त्याच्या चालत्या दप्तरावर फडणिसांची थेट देखरेख असे. महसुलाचा अंदाज, सरंजामांचे हिशेब, नेमणुका, खर्च असा राज्याचा सगळा लेखाजोखा तेथे एकत्र होई. तलवार सरदाराच्या हाती असली, तरी त्याच्या फौजेचा खर्च मंजूर व्हायचा तो या दप्तरात. फडणिसाच्या लेखणीला वजन आले ते यामुळे.

फडणीस केवळ पुण्यातच होते असेही नाही. सुभ्याच्या आणि सरदारांच्या कारभारात 'दरकदार' नावाचे अधिकारी असत. दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार आणि पोतनीस असे हे आठ दरक. मामलेदाराने किंवा सरदाराने मनमानी करू नये, यासाठी हे अधिकारी एकमेकांवर आणि वरिष्ठांवरही अंकुश म्हणून काम करीत. मामलेदाराला त्यांना परस्पर काढून टाकता येत नसे. एका हाताने पैसा खर्च करावा, दुसऱ्याने लिहावा आणि तिसऱ्याने तपासावा, हे आजच्या लेखापरीक्षणातील तत्त्व त्या व्यवस्थेत होते.

आडनावाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की हे दरक वंशपरंपरागत होत गेले. शिवकाळात पद हे सामान्यतः कर्तृत्वावर मिळे आणि काढूनही घेतले जाई. पुढे राजाराम महाराज आणि शाहू महाराज यांच्या काळात परिस्थिती पालटली. पदे, वतने, सरंजाम बापाकडून मुलाकडे जाऊ लागले. पद ही घराण्याची मिळकत बनली. 'आम्ही अमुक सुभ्याचे फडणीस' असे म्हणणे हा नुसता मान नव्हता. तो हक्काचा दावा होता. वाटण्या होत, तंटे होत, मुतालिक म्हणजे प्रतिनिधी नेमून काम चालवले जाई. अशा स्थितीत पदाचे नाव आपल्या नावापुढे लावणे म्हणजे मिळकतीवर आपली पाटी लावण्यासारखेच होते.

वेळासचे भानू

भानू घराणे कोकणातील वेळासचे. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील हे समुद्रकाठचे गाव आज कासव महोत्सवामुळे पर्यटकांना ठाऊक आहे. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट देशावर नशीब काढण्यास आले, तेव्हा वेळासच्या भानूंचीही त्यांना सोबत होती. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिले आणि पुढे फडणिशी भानूंकडे आली. १७१९ च्या दिल्ली स्वारीत बाळाजी महादेव भानू यांना प्राण गमवावे लागले. नानांचे ते आजोबा.

नानांचे पूर्ण नाव बाळाजी जनार्दन. त्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी सातारा येथे झाला. १७५६ मध्ये वडील जनार्दन बल्लाळ वारले आणि चौदाव्या वर्षी फडणिशी नानांकडे आली. १७६१ च्या पानिपतावरून ते कसेबसे बचावले. आई मात्र त्या धामधुमीत दुरावली. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यानंतर बारभाईंच्या कारस्थानात नाना पुढे आले आणि सवाई माधवरावांच्या नावाने राज्याचा कारभार पाहू लागले. १७८२ चा सालबाईचा तह, निजाम आणि टिपू यांच्याशी चाललेले राजकारण, महादजी शिंद्यांशी असलेली चुरस या सर्वांत मुख्य कारभारी तेच होते.

इतके होऊनही त्यांची ओळख 'फडणीस' हीच राहिली. हाती सर्व राज्याची सूत्रे असलेला माणूस हिशेबखात्याच्या हुद्द्यावरूनच ओळखला गेला. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे औरस पुत्र नव्हता. तरीही फडणीस हे नाव घराण्याला कायमचे चिकटले. त्यांचे चुलतभाऊ मोरोबादादाही इतिहासात फडणीस म्हणूनच येतात. भानू हे कुलनाम इतरांकडे चालू राहिले. फर्ग्युसन महाविद्यालयातील प्राध्यापक आणि लेखक चिंतामण गंगाधर भानू हे त्यातले एक ठळक नाव.

घाशीरामाच्या बाबतीतही हाच प्रकार घडला आहे. १७९१ मध्ये पुण्यातील लोकांच्या रोषाला बळी पडलेला हा अधिकारी घाशीराम सावळदास होय. कोतवाल हा त्याचा हुद्दा. १९७२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटकाने हे दोन्ही हुद्दे मराठी माणसाच्या मनात व्यक्तींच्या नावांसह कायमचे कोरले.

फडणीस एक नव्हेत

नानांच्या कीर्तीमुळे एक गैरसमज मात्र पसरला. फडणीस म्हटले की नानांचा वंश, अशी समजूत आजही आढळते. लग्नकार्यात, प्रवासात, नव्या ओळखीत 'म्हणजे नाना फडणिसांपैकी का?' हा प्रश्न या आडनावाच्या माणसाला हमखास येतो. सुभ्यासुभ्यात आणि सरदारांच्या दप्तरांत फडणीस असत, ही गोष्ट ध्यानी घेतली, की या समजुतीतील दोष उघड होतो. एकमेकांशी काडीचेही नाते नसलेल्या अनेक घराण्यांनी हे काम केले आणि त्यांचे आडनाव एकच झाले. त्यांची गोत्रे, कुलदैवते, मूळ गावे आणि पोटजातीही वेगवेगळ्या असू शकतात.

ज्येष्ठ व्यंगचित्रकार शि. द. फडणीस यांचा जन्म १९२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील भोज या गावी झाला. २०१४ मध्ये प्रथम मुख्यमंत्री झालेले देवेंद्र फडणवीस नागपूरचे. आडनावाचा उगम एकाच हुद्द्यात असला, तरी तेवढ्यावरून ही घराणी एकमेकांशी किंवा वेळासच्या भानूंशी जोडता येत नाहीत. नागपूरकर फडणवीसांनी 'व' राखला आणि पुण्याकडील अनेकांनी तो गाळला, एवढाच काय तो लेखनातील भेद. इंग्रजीत तर 'पीएच'ने सुरू होणारे आणि 'एफ'ने सुरू होणारे असे दोन्ही पाठ चालतात आणि एकाच कुटुंबातील दोन भावांच्या पासपोर्टवर ते निरनिराळे असू शकतात.

इतर पदनामांचीही हीच कथा आहे. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी हे मूळचे चित्रे, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. पण चिटणीस आडनावाची ब्राह्मण घराणीही आहेत. देशमुख हे आडनाव मराठा समाजात मोठ्या प्रमाणावर आहे. तथापि पुण्याचे लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख हे मूळचे सिधये. घराण्याकडे देशमुखीचे वतन असल्याने ते देशमुख झाले. कुलकर्णी, देशपांडे, पाटील, इनामदार, मुजावर, काझी ही सारी मुळात कामाची किंवा हक्काची नावे. ज्याच्याकडे काम, त्याचे नाव. रास्ता पेठेशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, ते पेशव्यांचे सोयरे रास्ते घराणे तर मूळचे गोखले! आडनाव ऐकताच समोरच्याची जात, गाव आणि ऐपत ओळखल्याचा आव आणणाऱ्यांनी निदान एवढे तरी ध्यानात ठेवायला हवे.

नाव पक्के केले ते इंग्रजी रकान्यांनी

पेशवाईतील कागद पाहिले, तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. माणसाची ओळख स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव अशीच दिलेली असे. बाळाजी विश्वनाथ, मोरो त्रिंबक, अण्णाजी दत्तो, जनार्दन बल्लाळ. आडनाव लावलेच पाहिजे असा नियम नव्हता. गरज पडल्यास गाव, हुद्दा किंवा उपनाव जोडले जाई. एकाच घराण्यातील एक भाऊ गावावरून ओळखला जाई, तर दुसरा कामावरून. 'आडनाव' या शब्दाचा बाजच मुळी मुख्य नावाच्या आडोशाला असलेले नाव असा आहे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. दरकदारांची पदे गेली किंवा निरुपयोगी झाली. परंतु नेमक्या याच काळात आडनावांना पक्केपणा आला. नव्या राजवटीला प्रत्येक माणूस कायम एकाच नावाने ओळखता यायला हवा होता. १८५२ च्या इनाम कायद्यान्वये वतने आणि इनामे यांची कसून तपासणी झाली. कोणाचा हक्क खरा, हे ठरवण्यासाठी पेशवे दप्तरातील कागद धुंडाळले गेले. पुण्यातील या दप्तरखान्याला 'एलिएनेशन ऑफिस' हे नाव पडले ते त्याच कामामुळे. ज्यांना इनाम राखायचे होते, त्यांना आपले नाव जुन्या सनदेतील नावाशी जुळते ठेवणे भाग होते.

त्यापाठोपाठ शाळांचे दाखले आले, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, पोस्ट, न्यायालये, जनगणना आणि सरकारी नोकरीचे अर्ज आले. प्रत्येक ठिकाणी स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन रकाने भरावे लागत. मास्तरांनी किंवा कारकुनाने पहिल्या दिवशी जे लिहिले, ते पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले. नोंदी ठेवणाऱ्या फडणिसाचे नाव अखेर दुसऱ्याच कुणा कारकुनाच्या नोंदीत कायमचे बंद झाले, हा काळाचा न्याय म्हणायचा!

स्कॉटलंडचे 'फडणीस'

हुद्द्याचे आडनाव होण्याचा प्रकार केवळ मराठी मुलखातील नाही. इंग्रजीतील क्लार्क हे आडनाव लिहिता-वाचता येणाऱ्या धर्मोपदेशकाच्या नावावरून आले. स्मिथ म्हणजे लोहार. परंतु फडणिसांशी सर्वांत जवळचे उदाहरण स्ट्युअर्ट या नावाचे. राजवाड्याच्या कोठीचा आणि कारभाराचा प्रमुख तो स्टुअर्ड. बाराव्या शतकात स्कॉटलंडच्या राजाने वॉल्टर फिट्झॲलन यांना हे पद दिले. ते वंशपरंपरागत झाले, घराण्याचे मूळ नाव मागे पडले आणि हुद्दा हेच आडनाव बनले. १३७१ मध्ये याच घराण्यातील रॉबर्ट दुसरा हा स्कॉटलंडच्या गादीवर बसला आणि १६०३ मध्ये इंग्लंडची गादीही या घराण्याकडे आली. कोठीवाल्याचे आडनाव राजघराण्याचे आडनाव झाले. स्कॉटलंडची राणी मेरी फ्रान्समध्ये वाढली. तेव्हा फ्रेंच वळणाचे निराळे स्पेलिंगही रूढ झाले. फडणीस आणि फडणवीस यांसारखी दोन रूपे तेथेही नांदू लागली. आज जगभर पसरलेले सारे स्ट्युअर्ट काही राजवंशातले नव्हेत, हे तर उघडच आहे. कारण लहानमोठ्या जहागिऱ्यांमधूनही कोठीचे कारभारी असतच.

सर्वांच्या वाट्याला मान आला नाही

येथवरची कथा मानाच्या हुद्द्यांची झाली. पण कामावरून नाव पडण्याची रीत सर्वांना सारखी फळली नाही. गावगाड्यात बलुतेदारांचीही ओळख कामावरूनच होई. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी ही कामे पिढीजात आणि तीच नावे. फडणिसाचे पद गेल्यावर मागे उरले ते प्रतिष्ठेचे आडनाव. अनेक बलुतेदारांच्या आणि दलितांच्या वाट्याला मात्र काम सोडल्यावरही न सुटणारा शिक्का आला. एकच रीत एका घरी दागिना ठरली, तर दुसऱ्या घरी ओझे.

याच पुण्यात एका कुटुंबाने कामावरून पडलेले नाव वेगळ्याच अर्थाने मोठे केले. जोतीराव फुले यांचे घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरवण्याचे काम घराण्याकडे आले आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. फडणीस आणि फुले ही दोन्ही आडनावे अशा रीतीने एकाच दरबाराच्या सेवेतून जन्मली. एक लेखणीच्या, दुसरे फुलांच्या. १८४८ मध्ये याच शहरात मुलींची शाळा सुरू करणाऱ्या जोतीराव आणि सावित्रीबाईंमुळे दुसऱ्या नावाला जो अर्थ मिळाला, तो कोणत्याही सनदेत लिहिलेला नव्हता.

वेळास ज्या मंडणगड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात आंबडवे हे गाव आहे. तेथील सकपाळ कुळातील रामजी यांच्या मुलाचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत 'भिवा रामजी आंबेडकर' असे नोंदले गेले. गावावरून आलेल्या या आडनावाने पुढे देशाची राज्यघटना घडवणाऱ्या डॉ. बाबासाहेबांची ओळख जगाला करून दिली. त्यांचा तो शाळाप्रवेशाचा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. एका तालुक्यातील दोन गावे, दोन कुळे आणि दप्तरातील दोन नोंदी. त्यांच्यामधील अंतर मोजले, म्हणजे महाराष्ट्राचा दोनशे वर्षांचा सामाजिक इतिहास समोर येतो.

जातिवाचक अर्थ लावला जातो म्हणून आडनाव बदलणारी कुटुंबे आहेत, गावाचे नाव लावणारी आहेत आणि आडनावच न लावणारे तरुणही आहेत. शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात देऊन हे रीतसर करता येते. नावाचे रकानेही अजून बदलत आहेत. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय नोंदींत स्वतःच्या नावापाठोपाठ आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरवून दिला. जनार्दन बल्लाळांच्या काळी कागदावर न आलेली आई अशा रीतीने नावात आली.

मूळ शोधायचे तर

आपल्या आडनावाचे मूळ शोधण्याची इच्छा झालेल्या वाचकाला पुण्याइतकी सोयीची जागा दुसरी क्वचितच सापडेल. पेशवे दप्तराचे मोडी कागद येथील पुराभिलेखागारात आहेत. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात ऐतिहासिक घराण्यांचे कागद जतन केलेले आहेत. मंडळाने १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेला माधवराव पटवर्धन यांचा फार्शी-मराठी कोश अशा नावांच्या अर्थासाठी आजही हाताशी असावा असा आहे. अनेक घराण्यांनी कुलवृत्तान्त छापले आहेत. त्र्यंबकेश्वर, नाशिक आणि पंढरपूर येथील क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांतही पूर्वजांच्या सह्या सापडतात.

शोध घेताना मात्र क्रम पाळावा. आधी आजोबा-पणजोबांची नावे, मग मूळ गाव, मग वतन किंवा नोकरी आणि सर्वांत शेवटी आडनाव. उलट्या क्रमाने गेल्यास प्रत्येक फडणीस नानांच्या वाड्यात जाऊन पोहोचतो आणि प्रत्येक घोरपडे किल्ल्याच्या तटावर! पूर्वजाने एके काळी कोणते काम केले, एवढेच पदनामावरून कळते. ते काम त्याने कसे केले हे कागद सांगतात. आणि वारसाने पुढे काय करावे, हे तर कागदही सांगत नाहीत.

नानावाड्यात पुढे दीर्घकाळ शाळा भरली. हजेरीपटातील आडनावे पुकारली जात असताना त्या वर्गांत कुलकर्णी, शेख, जाधव, फुले आणि क्वचित एखादा फडणीसही 'हजर' म्हणाला असेल. ज्या घराण्याने राज्याच्या नोंदी ठेवल्या, त्याच्या वाड्यात अशी सर्वांची नोंद एका ओळीत होऊ लागली. आडनावांच्या इतिहासात यापेक्षा समाधानाची नोंद दुसरी नसावी.